आधी चूक किती ते सांगा

समुद्रावरच्या हवामान अंदाजाबद्दल माझं मत बरीच वर्षं अगदी थोडक्यात सांगता येण्यासारखं होतं. अंदाज वाचावा, फाइलला लावावा आणि निर्णय बॅरोमीटर बघून घ्यावा. व्यापारी जहाजांवर नेव्हिगेशन सांभाळणाऱ्या माझ्या पिढीतल्या पुष्कळांचं हेच म्हणणं असायचं. आज मी ते मत सोडलं आहे. पण ते अडाणीपणातून आलेलं नव्हतं, आणि त्याची बाजू आधी नीट मांडल्याशिवाय ते का सोडलं हे सांगण्यात अर्थ नाही.

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर हवेचा दाब फार शिस्तीत वागतो. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात दाब दिवसभरात वीस-पंचवीस मिलिबारनं उतरला तरी कोणी फारसं दचकत नाही. आपल्या अरबी समुद्रात मात्र त्याला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक जेमतेम तीन मिलिबारचा. ही लय इतकी पक्की असते की ती बिघडली, की काहीतरी येतंय हे लगेच कळतं. पुस्तकी नियम असा: रोजचा चढउतार जमेस धरून त्या जागेच्या, त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा दाब तीन मिलिबारनं कमी दिसला तर सावध व्हायचं, आणि पाचनं कमी दिसला तर चक्रीवादळ जवळ आहे असं धरून चालायचं. मग वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. उत्तर गोलार्धात वादळाचं केंद्र आपल्या उजव्या हाताला, जरा मागे असतं. वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत गेला तर जहाज वादळाच्या वाईट अर्ध्यात आहे, उलटा फिरला तर बऱ्या अर्ध्यात. एक काचेचं यंत्र आणि स्वतःच्या गालाला लागणारा वारा, एवढ्या भांडवलावर माणसं दीडशे वर्षं जहाजं वाचवत आली. हवानाच्या बेलेन कॉलेजातले जेझुइट पाद्री बेनितो विन्येस यांनी तर १८७५ मध्ये आभाळातले उंचावरचे तंतुमेघ, दूरवरून येणाऱ्या लाटा आणि बॅरोमीटर यांच्या जोरावर हरिकेनचा इशारा छापून दिला होता.

याच्यासमोर आमच्या हातात पडायची ती नॅव्हटेक्सच्या छोट्या प्रिंटरमधून सरकत येणारी कागदाची पट्टी. वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, समुद्र खवळलेला ते अति खवळलेला. कुठे? तर ‘पूर्वमध्य अरबी समुद्र’. त्या एका नावाच्या पोटात सगळा कोकण किनारा आणि त्याच्या बाहेरचं कितीतरी पाणी मावतं. वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे किनाऱ्यावर चालतो तसाच तो जहाजाच्या ब्रिजवरही चालायचा. अंदाज एकतर खरा ठरतो नाहीतर खोटा, आणि त्याची लायकी खरे किती नि खोटे किती यावर ठरते, असा आमचा साधा हिशेब होता.

या हिशेबाला पहिला तडा ज्या गोष्टीनं जायला हवा होता ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती आणि तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. अटलांटिकमधल्या हरिकेनसाठी नाविकांना शिकवतात तो १-२-३ चा नियम. पद्धत अशी: इशाऱ्यातून वादळाची २४, ४८ आणि ७२ तासांनंतरची अपेक्षित ठिकाणं घ्यायची. ती चार्टवर पेन्सिलीनं टिंबं करून मांडायची. प्रत्येक ठिकाणी ३४ नॉटपेक्षा जास्त वारा केंद्रापासून किती लांब पसरणार आहे तो आकडाही इशाऱ्यात असतो. त्यात पहिल्या टिंबाला १०० सागरी मैल मिळवायचे, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला ३००. मग कंपास लावून तीन वर्तुळं काढायची आणि ती बाहेरून जोडून घ्यायची. तयार होतो तो पुढे रुंद होत जाणारा पट्टा. त्यात जहाज न्यायचं नाही.

चार्टवर हा पट्टा काढताना हात ग्राफाइटनं काळे होतात, आणि पट्टा भलताच मोठा निघतो. कॅरिबियनचा निम्मा समुद्र त्यात जातो. आम्ही त्याला हसायचो. इतका मोठा पट्टा टाळायचा तर जहाज बंदरातून काढायलाच नको! पण ते १००, २००, ३०० हे आकडे कुठून आले? ते अंदाज करणाऱ्यांच्या स्वतःच्या चुकांमधून आले. आमच्या चोवीस तासांच्या अंदाजात साधारण एवढी चूक होते, तीन दिवसांच्या अंदाजात एवढी, ती तुम्ही जमेस धरा, असं ते अंदाज करणारे खलाशांना उघडपणे सांगत होते. माझ्या बॅरोमीटरनं मला आपली चूक कधी सांगितली नव्हती. आणि माझ्या अनुभवानं तर नाहीच नाही.

मत खरोखर हललं ते ‘एल फारो’ या अमेरिकी मालवाहू जहाजाचा चौकशी अहवाल वाचताना. सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस हे जहाज फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून पोर्तो रिकोतल्या सान हुआनला निघालं आणि १ ऑक्टोबरच्या सकाळी बहामा बेटांजवळ, जोकिन नावाच्या हरिकेनमध्ये, तेहतीस माणसांसह बुडालं. ब्रिजवरचं बोलणं टिपणारं यंत्र पुढच्या वर्षी साडेचार किलोमीटरहून जास्त खोल पाण्यातून वर काढलं. त्यात शेवटचे सुमारे सव्वीस तास होते. हा अहवाल मी माझं मत पक्कं करून घ्यायलाच उघडला होता, हे कबूल करतो. आणि सुरुवातीला तसं झालंही. जोकिन लवकरच उत्तरेला वळेल असं अंदाज म्हणत होते, आणि ते वादळ नैर्ऋत्येला सरकत राहिलं. जोरही अंदाजापेक्षा लवकर वाढला. म्हणजे पट्टीवर विश्वास ठेवला की असं होतं, हे माझं वाक्य तयारच होतं.

पण पुढे वाचत गेलो तसं वाक्य लटपटायला लागलं. त्या जहाजावर अंदाज दोन वाटांनी येत होते. एक, कंपनीनं घेतलेल्या खासगी सेवेच्या रंगीत नकाशांची फाइल, ईमेलनं. दिसायला देखणी, हाताळायला सोपी. दुसरी, मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे इशारे, उपग्रहावरून ब्रिजवरच्या प्रिंटरला, निव्वळ अक्षरांत. नकाशा तयार व्हायला वेळ लागत असे, त्यामुळे देखणी फाइल कित्येक तासांनी शिळी असे, आणि एकदा तर बिघाडामुळे तिच्यात आधीचीच माहिती पुन्हा आली. कप्तान मुख्यतः त्या फाइलवर भरवसा ठेवून होता. रात्री वॉचवरच्या थर्ड मेटनं आणि नंतर सेकंड मेटनं त्याला फोन करून दक्षिणेकडून जाणारी वाट सुचवली. त्यांच्यासमोर ताजी पट्टी होती. कप्तानानं वाट बदलली नाही.

मला इथे थांबावं लागलं. माझ्या जुन्या विचारात ‘अंदाज’ ही एकच वस्तू होती. इथे तर एकाच वादळाचे दोन अंदाज एकाच ब्रिजवर होते आणि त्यांच्या वयात फरक होता. शिवाय जोकिनच्या वाटेवरून संगणकी मॉडेलं आपसांत भांडत होती आणि मायामीचे अंदाजकार ही शंका आपल्या टिपणांत लपवून न ठेवता लिहीत होते. रंगीत नकाशावर मात्र शंका काढता येत नाही. तिथे एक स्वच्छ रेघ असते, आणि रेघ बघितली की माणूस तिच्या बाजूनं मैल मोजायला लागतो. बॅरोमीटरचा मुद्दाही मी मनाशी तपासून पाहिला. वीस नॉटनं जाणाऱ्या जहाजाला, त्याच्याकडेच सरकणाऱ्या वादळाची, पाच मिलिबारची खूण मिळते तेव्हा दक्षिणेकडची बेटांमागची वाट बहुतेक मागे राहून गेलेली असते. दीडशे वर्षांपूर्वी तेवढीच खूण उपलब्ध होती म्हणून ती पुरेशी वाटली.

आपल्या बाजूच्या समुद्रातलं एक उदाहरण तर बॅरोमीटरला निकालातच काढतं. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस अंश दक्षिणेच्या आसपास मोठं वादळ झालं की तिथून लांब पल्ल्याच्या लाटा उत्तरेला निघतात. अठरा सेकंदांच्या लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी सुमारे पन्नास किलोमीटर सरकतो, म्हणजे दिवसाला बाराशे. पाच-सहा दिवसांनी त्या केरळला, कोकणाला येऊन भिडतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, दाब जिथल्या तिथे, आणि किनाऱ्यावर पाणी घरांत शिरतंय. केरळातले मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेनं २०२० पासून त्याचा वेगळा अंदाज द्यायला सुरुवात केली, आणि मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात असा इशारा देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना आधीच मिळाला होता. गालाला लागणारा वारा यात काय सांगणार?

आता आकड्यांचं. भारतीय हवामान खातं चक्रीवादळाच्या वाटेच्या अंदाजात किती चूक झाली ते दरवर्षी जाहीर करतं. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांची सरासरी चूक २४ तासांसाठी ८० किलोमीटर, ४८ तासांसाठी १२५ आणि ७२ तासांसाठी १७७ होती. २०२० मध्ये ती ७२, ८५ आणि १११ वर आली. १११ किलोमीटर म्हणजे साठ सागरी मैल. जिथे मी ३०० मैलांचं वर्तुळ काढायला शिकलो तिथे सरासरी साठ. (सरासरी म्हटल्यावर काही वादळं दुपटीनं फसवणारच, म्हणून मी साठचं वर्तुळ काढणार नाही.) मला यात चूक घटली याचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त ती दरवर्षी लिहून ठेवली जाते याचं आहे.

जिथे चूक अजून मोठी आहे ती जागाही यातूनच दिसते. वादळ कुठे जाईल हे आता बऱ्यापैकी कळतं. ते किती झपाट्यानं वाढेल हे नाही. नोव्हेंबर २०१७ च्या शेवटच्या दिवशी ओखी कन्याकुमारीजवळ काही तासांत चक्रीवादळ झालं. तमिळनाडू-केरळच्या शेकडो बोटी त्याच्या आधीच कित्येक दिवसांच्या फेरीवर दूर समुद्रात गेलेल्या. इशारा किनाऱ्यावर होता, माणसं तिकडे. शेकडो जण परतले नाहीत. त्या बोटींपैकी अडुसष्ट, ९५२ माणसांसह, वाहत-चालत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आदळलेलं ओटिस आदल्या दिवशी सकाळी साधं वादळ होतं, रात्री सर्वांत वरच्या श्रेणीचं हरिकेन. त्यामुळे अंदाजात वाऱ्याचा आकडा वाचताना मी आजही मनातल्या मनात त्यात भर घालतो. वाटेच्या आकड्यात तेवढी नाही घालत.

लाटांच्या आकड्याचंही तसंच, आणि हे किनाऱ्यावर फार थोड्यांना माहीत असतं. ‘लाटांची उंची ३ मीटर’ असं बुलेटिन म्हणतं तेव्हा ती सगळ्यांत मोठी लाट नसते. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तास तिथे राहिलात तर साडेपाच-सहा मीटरची लाट भेटणं हा अपवाद नाही, तो त्याच आकड्याचा भाग आहे. ३ मीटर सांगितलं आणि सहा मीटरची लाट आली, वेधशाळा फसली, असं मी स्वतः ऐकलंय आणि मान डोलावलीय.

सेकंड मेट असताना दर सहा तासांनी जहाजाच्या निरीक्षणांचा संदेश पाठवावा लागे: दाब, कोरडं आणि ओलं तापमान, ढग आठ भागांपैकी किती, लाटा डोळ्यांनी मोजून, सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत. आम्हाला ती कारकुनी वाटायची. आता कळतं की किनाऱ्यापासून हजार मैल आत अंदाजकाराला तेवढंच दिसत असे. यात एक गंमत आहे. अंदाज सुधारले तसे जहाजांचे कप्तान वादळ टाळून जाऊ लागले, आणि जिथून निरीक्षण सगळ्यांत हवं होतं तिथून ते येईनासं झालं. ती जागा उपग्रहांनी भरून काढली. २००९ च्या ओशनसॅट-२ पासून आपलेही उपग्रह पाण्याच्या खरखरीतपणावरून वारा मोजतात, पण मुसळधार पावसात त्यांची नजर गढूळ होते. राहिले ते नांगरलेले बोये. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ते समुद्रात ठेवते. बोयाच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे बोटी येतात, बोटी बोयाला दोर बांधतात आणि यंत्र मोडतं. म्हणजे ज्याच्यासाठी अंदाज करायचा तोच त्याचे डोळे फोडतो. मला मच्छीमारांचा राग येत नाही. तो बोया कशाचा, हे त्यांना कुणी नीट सांगितलं होतं?

इथवर माझं मत बदलल्याचा हिशेब झाला. पण तो मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरचा हिशेब आहे, हे मला हर्णैच्या माझ्या चुलतभावानं सुनावलं. त्याची मासेमारीची बोट आहे. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की त्याचा फोन येतो.

“दादा, जाऊ का नको?”

मी शक्यता सांगायला लागतो. वाट कुठे सरकू शकते, मॉडेलं काय म्हणतायत, ताजं बुलेटिन कधीचं आहे.

“टक्के मला नको. डिझेल भरलंय, बर्फ घेतलाय, खलाशांना उचल दिलीय. हो म्हण नाहीतर नाही म्हण.”

तो हट्टी आहे, आणि त्याचं बरोबर आहे. बंदरातल्या बावट्यांची जुनी भाषा एक ते दहा आहे: दूरचा इशारा, जवळचा इशारा, धोका, महाधोका. अकरा नंबर तर इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्कच तुटलाय म्हणून. पण यातल्या कुठल्याच नंबरात ‘कितपत खात्री’ हे नाही, आणि ‘दक्षिण कोकण किनारा’ एवढ्यावर हर्णै की वेंगुर्ला हे ठरत नाही. बाहेर गेल्यावर तर फोनची रेंज किनाऱ्याजवळच संपते. ओखीनंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारा देणारं जेमिनी हे उपकरण आलं, पण त्यात संदेश फक्त येतो, जात नाही. दुतर्फा बोलणाऱ्या एक लाख ट्रान्सपाँडरांच्या योजनेची सुरुवात ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पालघरमधूनच जाहीर झाली. ते प्रत्येक बोटीवर बसेपर्यंत अंदाज कितीही सुधारला तरी तो किनाऱ्यावरच्या माणसासाठी सुधारलेला असेल.

आणि अंदाज वेळेत पोचूनही माणसं मरतात. तौक्ते चक्रीवादळ येणार हे मे २०२१ मध्ये ते तयार होण्याआधीपासून सांगितलं जात होतं. तरी पी-३०५ हा तराफा बॉम्बे हायच्या परिसरातच राहिला, १७ मेला बुडाला, आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. तिथे वेधशाळेवर खापर फोडायला मला तोंड नाही.

तर भावाला मी काय सांगतो? त्याचा खरा प्रश्न वाऱ्याचा नाही, हे समजायला मला उशीर लागला. हर्णैच्या बोटी वादळात आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय. ओहोटीला बोट आत जात नाही, आणि जबरदस्ती केली तर तोंडातच टेकते आणि मागून लाटा येतात. म्हणजे वारा ५५ चा की ६५ चा यापेक्षा तो भरती संपायच्या आत येतो की नंतर, हे महत्त्वाचं. बुलेटिन बहुधा संभाव्य वेळ सांगतं. मी त्याला ती सांगत नाही. चूक जमेस धरून वारा लवकरात लवकर केव्हा चढू शकेल ती वेळ मी काढतो, तिच्या आधीची भरती बघतो, आणि त्या भरतीला आत ये म्हणतो. ते जमत नसेल तर निघू नको.

गेल्या खेपेला मी सांगितलेल्या वेळी काही झालं नाही. वारा दुसऱ्या दिवशी दुपारी आला, बाकीच्या बोटी तोवर सुरमई घेऊन परतल्या होत्या, आणि भावाची फेरी वाया गेली. त्यानं ते मला गणपतीत सगळ्यांसमोर ऐकवलं, बर्फाच्या आणि डिझेलच्या पैशांसकट. मी ऐकून घेतलं. पुढच्या बावट्याला त्याचा फोन आला तर मी पुन्हा तीच लवकरातली वेळ सांगणार आहे, आणि हे त्याला तेव्हाच सांगून टाकलं.